सेनहायझर एचडी ६०० : मिक्सिंगच्या रोजच्या कामात वापरल्यावर

मिक्सिंगसाठी, म्हणजे गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवण्यासाठी, हेडफोन घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : फ्लॅट, म्हणजे सगळे सूर सारख्याच पातळीवर देणारा, कोणता? याला सरळ उत्तर नाही. आपला बाह्य कान ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज दहा डेसिबलहून जास्त वाढवूनच कानाच्या पडद्यापर्यंत पोचवतो आणि मेंदूला त्याची जन्मापासून सवय असते. त्यामुळे पडद्यापाशी खरोखर सपाट मोजमाप देणारा हेडफोन घातला, तर गाणं दबलेलं आणि लांबून आल्यासारखं वाटेल. म्हणून कुठले सूर किती वर ठेवायचे याचा कुठला ना कुठला वक्र प्रत्येक कंपनी समोर ठेवते. जुनी बरीच मॉडेल्स डिफ्यूज फील्डकडे (सगळ्या बाजूंनी सारखा येणारा आवाज कानात जसा पोचतो त्या वक्राकडे) झुकलेली आहेत, २०१३ पासून हरमन टार्गेटचं (श्रोत्यांच्या पसंतीवरून काढलेल्या वक्राचं) नाव जास्त घेतलं जातं. कुणाचा आलेख किती देखणा यावर वाद घालण्यापेक्षा मी एकच गोष्ट बघतो. हेडफोनची चूक रोज तेवढीच आणि त्याच जागी राहते का? तराजू कायम एकाच बाजूला तेवढाच झुकत असेल, तर त्यावरही वजन नीट करता येतं. एचडी ६०० या कसोटीला चांगला उतरतो, पण काही गोष्टी सांभाळल्या तरच.

हे मॉडेल १९९७ पासून बाजारात आहे. ओपन बॅक (कपाची मागची बाजू उघडी), ३०० ओहम इम्पिडन्स (विद्युत विरोध), केबल सोडून वजन २६० ग्रॅम, वेलोरचे इअरपॅड. विकत घेण्याचं खरं कारण म्हणजे मिड्स, मधले सूर. साधारण २०० हर्ट्झपासून २ किलोहर्ट्झपर्यंत मोठा चढउतार नाही. त्यामुळे ३०० हर्ट्झजवळचा गढूळपणा किती काढायचा, दोन गिटार एकमेकांच्या जागेत घुसतात का, गाण्याचे शब्द वाद्यांत बुडतात का, हे निर्णय इथे घेतले की स्पीकरवर फारसे बदलावे लागत नाहीत. ३ किलोहर्ट्झपाशी मात्र थोडा उठाव आहे. त्याचा परिणाम असा की व्होकल इथे पुढे आल्यासारखा वाटतो, आणि नकळत फेडर एखादा डेसिबल खाली जातो. हेडफोनवर व्होकल 'बरोबर' बसला की तो अर्धा ते एक डेसिबल वर घेऊन स्पीकरवर तपासावा.

नियम सगळ्या हेडफोनना एकच आहे : हेडफोनमध्ये जिथे डोंगर, मिक्समध्ये तिथे खड्डा. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोमध्ये ८ किलोहर्ट्झजवळ चांगलाच टोकदार उठाव आहे. त्यावर 'स' आणि झांजा बोचतात, माणूस डी-एसर ('स' चा बोचरेपणा दाबणारं साधन) जास्त लावतो, आणि तयार झालेलं मिक्स दुसरीकडे मंद वाजतं. ज्यांना हा उठाव ठाऊक आहे ते त्याच हेडफोनवर उत्तम काम करतात. संपादनात क्लिक, तोंडाचे आवाज, खराब कट शोधायला तर तो सोयीचाच पडतो.

आता बेस, म्हणजे एचडी ६०० ची खरी अडचण. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो आणि ३० हर्ट्झपाशी उतार चांगलाच जाणवतो. ओपन बॅक डायनॅमिक हेडफोनमध्ये हे बहुतेक ठिकाणी असतं, कारण हेडफोनमधल्या पडद्याच्या पुढचा आणि मागचा दाब पूर्ण वेगळा राहत नाही. यातून दोन प्रकारच्या चुका होतात. सबबेस, म्हणजे सगळ्यात खालचा बेस, कमी वाटतो म्हणून तो वाढवला जातो. मग मास्टर लिमिटर (पूर्ण मिक्सची शिखरं दाबणारं साधन) न ऐकू येणाऱ्या ऊर्जेवरच काम करत बसतो आणि गाणं मोठं होत नाही. दुसरी चूक जास्त गुपचूप होते : माइक स्टँडचा धक्का, पंख्याची घरघर, 'प' आणि 'ब' चे झोत हे सगळं ऐकूच येत नाही म्हणून तसंच राहतं.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. ज्या ट्रॅकवर खालचं काही अपेक्षित नाही त्यावर हायपास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावावा, व्होकलला ७०-८० हर्ट्झ ही सुरुवात बरी. मास्टरवर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर उघडा ठेवावा, त्याच प्रकारचं एक नीट मास्टर झालेलं गाणं शेजारच्या ट्रॅकवर घ्यावं, दोन्हींची लाउडनेस सारखी करावी आणि ३० ते ६० हर्ट्झचा पट्टा डोळ्यांनी ताडून पाहावा. इथे कानापेक्षा डोळा खरा. ईक्यूने (सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) लो-शेल्फ, म्हणजे खालचा सगळा पट्टा, ४-५ डेसिबल चढवता येतो, मात्र तेवढाच प्रीगेन (आत येणारी पातळी) कमी करावा, नाहीतर क्लिपिंग होईल, म्हणजे शिखरं कापली जाऊन आवाज फाटेल. मोठ्या आवाजात खालच्या सुरांचं डिस्टॉर्शनही वाढतं, तेव्हा ईक्यू लावून सबबेसचा न्यायनिवाडा करण्याच्या भानगडीत पडू नये.

क्लोज्ड बॅकवर (मागून बंद हेडफोनवर) खालचा बेस पोचतो, मग तोच का नको? कारण तिथला बेस सीलवर, म्हणजे पॅड कानाभोवती किती घट्ट बसतो यावर, अवलंबून असतो. चष्म्याची काडी किंवा केसांची बट पॅडखाली आली की फट पडते आणि बेस गळतो, आणि रोज तेवढाच गळत नाही. डीटी ७७० प्रो, सोनीचा एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हे रेकॉर्डिंगला हवेतच, कारण ओपन बॅकमधून बाहेर पडणारा मेट्रोनोमचा टिकटिकाट थेट गायकाच्या माइकमध्ये शिरतो. मिक्सिंगमध्ये मी क्लोज्ड बॅक दुसरं मत म्हणून ठेवतो.

अ‍ॅम्पबद्दल '३०० ओहम म्हणजे मोठा अ‍ॅम्प लागतोच' ही समजूत अर्धी खरी आहे. या हेडफोनला १ मिलिवॅटला सुमारे ९७ डेसिबल मिळतात, आणि ३०० ओहमवर १ मिलिवॅट म्हणजे ०.५५ व्होल्ट. म्हणजे १ व्होल्ट देणाऱ्या आउटपुटवर कमाल पातळी १०२ डेसिबलच्या आसपास जाते. मिक्सची सरासरी शिखरापेक्षा २० डेसिबल खाली असेल तर ८२ डेसिबल उरतात, रोजच्या कामाला पुरेसे. ईक्यूसाठी ६ डेसिबल कापले की ७६ वर येतो, आणि हळुवार ध्वनिमुद्रण तपासताना कमी पडायला लागतं. अडीच व्होल्टचं आउटपुट असेल तर हा विषयच संपतो. त्यापुढची ताकद फक्त नॉब अवघड जागी आणून ठेवते.

जास्त महत्त्वाचा आहे आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आवाज देणाऱ्या उपकरणाचा स्वतःचा इम्पिडन्स. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा संकेत आहे. एचडी ६०० चा इम्पिडन्स १०० हर्ट्झजवळ ५०० ओहमच्या वर चढतो, तरी ७५ ओहमच्या आउटपुटवर बेसमध्ये फरक पडतो तो पाऊण डेसिबलच्या आसपास. उलट ३२ ओहमचा हेडफोन, ज्याचा इम्पिडन्स अनुनादापाशी ६० ओहम होतो, त्याच आउटपुटला लावा : फरक साडेतीन डेसिबल. म्हणजे लॅपटॉपवर एक बेस, ऑडिओ इंटरफेसवर दुसरा. ३०० ओहमचा हेडफोन स्रोत बदलला तरी जवळजवळ तसाच वाजतो, हा फायदा जाहिरातीत कुणी सांगत नाही.

स्टिरिओच्या बाबतीत कुठलाच हेडफोन स्पीकरची बरोबरी करत नाही. समोर ३० अंशांवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज पलीकडच्या कानालाही पाव मिलिसेकंदाच्या आसपास उशिरा आणि डोक्याच्या आडोशाने मंद होऊन पोचतो. हेडफोनवर हे मिश्रण होत नाही. मधला आवाज डोक्याच्या आत आणि कडेचा थेट कानात. त्यामुळे पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे ठेवणं) भित्रं होतं आणि रिव्हर्ब (घुमारा) कमी टाकला जातो, कारण त्याची शेपटी इथे फार स्वच्छ ऐकू येते. बेंजामिन बावरने १९६१ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर आधारलेले क्रॉसफीड प्लगइन (एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानालाही देणारे) यात मदत करतात, पण ते सतत लावून ठेवू नयेत, मोनोच्या (दोन्ही बाजू एकत्र करणाऱ्या) बटणासारखे तपासणीपुरते वापरावेत. आणि मोनोचं बटण खरंच दाबावं. उलट्या फेजमधला सिंथ हेडफोनवर 'रुंद' वाटतो आणि मोनोत गायब होतो.

आवाजाची पातळी एकदा ठरवावी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाज मोठा केला की बेस कानाला प्रमाणाबाहेर वाढलेला वाटतो. नॉब हलला की मिक्सचा तोल हलला. रेफरन्स गाण्यावर आरामशीर पातळी लावून नॉबपाशी टेपची खूण करावी. ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा, ही सुरक्षिततेची मोजणीही ध्यानात असू द्यावी. ओपन बॅकमध्ये कोंडल्यासारखं होत नाही, म्हणून आवाज चढलेला लक्षात येत नाही.

कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ साउंडआयडी रेफरन्स, तीन किलोहर्ट्झचा उठाव आणि खालचा उतार बराच सावरतं. ते मास्टर बसवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) असेल तर एक्सपोर्टआधी बंद करणं विसरू नये, नाहीतर हेडफोनची उलटी प्रतिमा फाइलमध्ये छापली जाते. सिस्टिम पातळीवर चालवणं जास्त सुरक्षित.

नवा एचडी ६०० डोकं आवळतो. पट्टी पूर्ण ताणून डोक्यापेक्षा किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ठेवावा आणि सकाळी घालून पाहावा. एकदम फार सैल करू नये, कारण पॅडचा दाब बदलला की आवाजही बदलतो. त्याच कारणाने चपटे झालेले पॅड वेळेत बदलावेत. कान ड्रायव्हरजवळ (आवाज निर्माण करणाऱ्या भागाजवळ) सरकतो आणि ओळखीची चूक ओळखीची राहत नाही. चामडी किंवा जाड पॅड लावले तर तो वेगळाच हेडफोन समजावा.

पॅड कडेला बोटं घालून सगळीकडून सारखा ओढला की निघतो. आतली फोमची पातळ चकती जुनी झाली की भुगा होते आणि केस थेट पडद्यावर पोचतो. लक्षण ठरलेलं : बेसच्या एखाद्याच सुराला एका बाजूने खरखर. हळू आवाजात २० ते ३०० हर्ट्झचा साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच शुद्ध सूर) वाजवला की जागा सापडते. केस फुंकणीने काढावा, ड्रायव्हरला बोट लावू नये. खरखर नसून एक बाजू येत-जात असेल, तर दोन्ही कपांतल्या केबलच्या पिना उपसून अदलाबदल करावी. दोष पलीकडच्या कपात गेला तर केबल किंवा आउटपुट, तिथेच राहिला तर कपाचं सॉकेट किंवा ड्रायव्हर. पिन दोन्हीकडे बसते, तेव्हा परत लावताना लाल खुणेची उजव्या कपात जाईल हे पाहावं. आणि पिनेचे दोन दांडे कमी-जास्त जाडीचे असतात, म्हणून सहज बसली नाही तर उलटी फिरवून बघावी, जोर लावू नये.