यंत्र: गांधींचं की आंबेडकरांचं?

यंत्र माणसाला तारतं की मारतं, यावर गांधी आणि आंबेडकर दोन टोकांना. सोलापूरच्या पूर्व भागात राहिलं की हा वाद पुस्तकात शोधावा लागत नाही. पॉवरलूमचा खडखडाट भिंतीतून घरात येतो.

गांधींनी १९०९ मध्ये, इंग्लंडहून आफ्रिकेला परतताना, बोटीवरच ‘हिंद स्वराज’ लिहिलं. यंत्र गरजा वाढवतं, माणसाला गुलाम करतं, हा त्यांचा रोख. पर्यावरणवाल्यांना ते आपले वाटतात ते उगीच नाही. (पुढे शिवणयंत्राला मात्र त्यांनी सूट दिली!)

आंबेडकर नेमके उलट टोकाला. १९४५ मध्ये त्यांनी मांडलं की यंत्रामुळे फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाचं जिणं जनावराचंच. दोष यंत्राचा नाही, त्याचा फायदा मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना दामोदर खोऱ्याच्या धरण-विजेच्या योजनेत त्यांनी लक्ष घातलं, ते याच विचारातून.

हातमागावर दिवसभर बसून ज्यांची कंबर गेली, त्यांच्यासमोर चरख्याचं कौतुक माझ्याच्याने होत नाही. मला आंबेडकरच पटतात. पण उजनी धरणाचं पाणी नळाला चार-पाच दिवसांआड येतं आणि आजूबाजूला ऊस डोलत असतो, तेव्हा गरजांना आवर घाला म्हणणारे गांधी आठवतात. अर्थात, ते पाणी आधी कुणाच्या शेतात जातं, हे विचारायला परत आंबेडकरच लागतात.