पळून जाणारी कायरा की घुटमळणारा सेबॅस्टियन?

ऑफिसातल्या एका मित्राची सॉल्ट लेकला बदली ठरली. लेक पंधराची, पुस्तकातला किडा. त्याने विचारलं, "तिकडच्या मॉर्मन लोकांवर एखादी कादंबरी सुचव ना, येण्याआधी वाचून होईल तिची." मॉर्मन हा इकडचा मोठा ख्रिस्ती पंथ. आम्ही त्याच भागात, अमेरिकेतल्या युटा राज्यात, लीहायला राहतो, आणि घरात या विषयावरच्या किशोरांच्या दोन कादंबऱ्या आहेत. कॅरल लिंच विल्यम्स यांची 'द चोझन वन' 2009 ची, तर ख्रिस्टीना लॉरेन या जोडनावाने लिहिणाऱ्या दोन लेखिकांची 'ऑटोबॉयोग्राफी' 2017 ची. आमच्या लेकीने दोन्ही वाचल्या, तिच्या मागोमाग मीही. कोणती आधी द्यावी, यावर माझं मत बनलंय. ते एका घरचं मत आहे, एवढं धरून चाला.

'द चोझन वन' हातात घेतलीत तर जेवण गार होणार. तेरा वर्षांची कायरा, वडील एक, आया तीन, भावंडं वीस. वाळवंटातली कुंपण घातलेली वस्ती आणि तिच्यावर एका 'प्रॉफेट'चा शब्द चालतो. तो ठरवतो की कायराचं लग्न तिच्या साठीतल्या सख्ख्या काकाशी होणार. कायरा चोरून फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून पुस्तकं आणते, झाडावर बसून वाचते. ही गाडी मला फार आवडली. लहानपणी आमच्या गावात अशीच एक यायची, दर पंधरवड्याला, देवळासमोर थांबायची. पुढचा सगळा भाग मात्र अंगावर येतो. मारहाण आहे, तान्ह्या बाळांनाही सोडलेलं नाही. हळव्या मुलांना देण्याआधी स्वतः वाचा.

आता त्यातली मेख. ही वस्ती कल्पित असली तरी हवेतून आलेली नाही. 2008 च्या एप्रिलमध्ये टेक्सासात एल्डोराडोजवळच्या एका रँचवर सरकारी छापा पडला आणि चारशेहून जास्त मुलं ताब्यात घेतली गेली. तो पंथ मूळ मॉर्मन चर्चपासून फुटलेला. त्याचं जुनं ठाणं युटा-ॲरिझोना सीमेवर, हिल्डेल आणि कोलोराडो सिटीला. त्याचा म्होरक्या वॉरन जेफ्स 2011 पासून जन्मठेप भोगतोय. मूळ चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचं 1890 मध्येच जाहीर केलं, आणि आज कुणी तसं लग्न केलं तर त्याला चर्चमधून काढतात. कादंबरी कुंपणाबाहेरच्या या मोठ्या मॉर्मन जगाकडे वळत नाही. तिला वळायचं कारणही नाही, तिची गोष्ट आतली आहे. पण वाचणारं पोर नुकतंच पुण्याहून उतरलेलं असलं की काय होतं, ते आम्ही पाहिलं.

सोमवारची संध्याकाळ होती. मॉर्मन घरांत सोमवारी कुटुंबाने एकत्र बसायची रीत असते. एखादं गाणं, छोटासा धडा, मग गोड काहीतरी. शेजाऱ्यांनी प्रेमाने बोलावलं होतं. ब्राउनीची ताटली फिरत असताना आमची लेक शेजारच्या मुलाला सरळ विचारती झाली, "तुला आया किती?" खोलीत पिन पडली असती तर ऐकू आली असती. त्याची आई पटकन म्हणाली, "मी एकटीच. आणि ह्यांना तीच झेपत नाही." सगळे हसले. मुलगा सोडून. त्याचे कान लालबुंद. पुढे महिनाभर बसस्टॉपवर तो लेकीशी एक अक्षर बोलला नाही.

नंतर कधीतरी त्या बाईंनी मला त्यांच्या घरातला एक जुना फोटो दाखवला. खापरपणजोबा, शेजारी तीन बायका, कुणीच हसत नाहीये. "हा आमचाच इतिहास आहे, आम्ही लपवत नाही," त्या म्हणाल्या, "पण माझ्या पोराने त्याचा हिशेब बसस्टॉपवर का द्यायचा?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. चूक कादंबरीची म्हणवत नाही. आमचीच, आम्ही तेवढ्या एकाच पुस्तकाचा चष्मा लावून पोरीला त्या घरात नेलं. तरीही माझं माप त्या संध्याकाळी एका बाजूला कललं ते कललंच.

'ऑटोबॉयोग्राफी'त कुंपण नाही. प्रोव्हो शहर आहे, शाळा आहे, डोंगर आहेत. टॅनर कॅलिफोर्नियातून आलेला. त्याला मुलंही आवडतात, मुलीही. तिकडे हे सगळ्यांना ठाऊक होतं, प्रोव्होत आल्यावर मात्र आईवडीलच म्हणतात, इथे जरा जपून. आई याच चर्चमध्ये वाढलेली आणि पुढे बाहेर पडलेली, त्यामुळे तिची भीती ऐकीव नाही. शाळेत एका सत्रात अख्खी कादंबरी लिहायचा वर्ग असतो. तिथे मदतीला येणारा सेबॅस्टियन हा बिशपचा मुलगा, आणि टॅनर त्याच्या प्रेमात पडतो. (बिशप म्हटल्यावर झगा डोळ्यांपुढे येत असेल तर तो काढा. इथला बिशप बिनपगारी असतो, आठवडाभर आपली नोकरी करतो आणि रविवारी वॉर्ड, म्हणजे आपल्या भागातली मंडळी, सांभाळतो.)

कायराला सुटायचं आहे, तेव्हा वाचकही तिच्या बाजूने कुंपणाकडे धावतो. सेबॅस्टियनला सुटायचंच नाही. घर, प्रार्थना, मिशनवर, म्हणजे धर्मप्रसारासाठी परगावी, जायची तयारी, हे सगळं त्याला मनापासून हवंय, आणि टॅनरही हवाय. आपल्याकडच्या माळकरी घरात वाढलेल्या कुणालाही हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. माळ गळ्यात कुणी जबरदस्तीने ठेवलेली नसते. ती काढून ठेवताना म्हणूनच हात थरथरतो.

दुसरं म्हणजे, या पुस्तकातलं जग माझ्या खिडकीतून दिसतं. आमच्या इथल्या हायस्कूलला लागूनच चर्चच्या सेमिनरीची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाची, इमारत आहे. शाळेचा एक तास मोकळा ठेवून मुलं रस्ता ओलांडून तिकडे जातात आणि परत येतात. शेजारच्या थोरल्या मुलाला मिशनचं बोलावणं आलं तेव्हा दिवाणखान्यात जगाचा नकाशा लावला होता, पाहुण्यांनी अंदाजाच्या टाचण्या टोचायच्या. मीही नागपूरवर एक टोचली. निघालं ब्राझील. अठरा वर्षांचं पोर दोन वर्षांसाठी घर सोडणार, आई हसतेय आणि टेबलाखाली रुमाल पिळतेय. सेबॅस्टियनच्या घरातला ताण मला त्या रुमालावरून कळला.

खोट काढायची तर शेवट घाईत उरकलाय, आणि टॅनरचा विनोद कधीकधी त्याच्या वयापेक्षा थोराड वाटतो. काही तपशील शिळेही झालेत. 2017 मध्ये रविवारची उपासना तीन तासांची होती, 2019 पासून दोनची झाली. मिशनवरची मुलं तेव्हा वर्षातून दोनदाच घरी फोन करू शकत, आता दर आठवड्याला करतात. खुद्द चर्चने 2018 पासून 'मॉर्मन' हा शब्द टाळा असं सांगितलंय. आमचे शेजारीही हल्ली तो वापरत नाहीत, मीच विसरतो. शिवाय ही प्रेमकथा आहे, शारीरिक जवळीक येते. ते घरात चालणार नसेल तर प्रश्नच मिटला.

एलन हॉपकिन्स यांची कवितेतली 'बर्न्ड' (2006) सुचवणारेही भेटतील. त्यात दारुडा, मारकुटा मॉर्मन बाप आहे. लिहिलीय ताकदीने, पण पहिलं पुस्तक म्हणून तीही मी देणार नाही, कारण वरचंच.

तेव्हा, थरार हवा असेल आणि पोराला फुटलेला पंथ आणि शेजारचं चर्च यांतला फरक दोन वाक्यांत सांगायची तुमची तयारी असेल, तर 'द चोझन वन' जरूर द्या, सुंदर पुस्तक आहे. फक्त दुसरं म्हणून द्या. मित्राला मी 'ऑटोबॉयोग्राफी' धाडली आणि सोबत चिठ्ठी: शेजारी आले तर चहा विचार, नाही म्हणाले तर रागावू नकोस, चहा-कॉफी त्यांना वर्ज्य असते. लिंबू सरबत पितात, दोन ग्लास.