रिपोर्टिंग टूल झकास, पण डेटा सोर्स सापडला तर!

गेल्या दिवाळीपासून आमच्या ऑफिसात ईआरपीला (कंपनीचा हिशेब, स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर) जोडलेलं एक रिपोर्टिंग टूल वापरतोय. नाव घेत नाही, कारण ओडीबीसीवर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडायची ठरलेली पद्धत) चालणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं हेच रडगाणं आहे. आधी चांगलं सांगतो. पार्टीवाइज येणी, स्टॉक एजिंग, जीएसटीचा ताळमेळ, जे एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावून लावून जीव जायचा ते आता बटण दाबलं की समोर येतं. स्पीड पण ठीक.

पण नवीन पीसी आला, की महिनाअखेरीला हमखास 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डिफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड', कोड आयएम००२. कुठलं नाव शोधलं, कुठे शोधलं, काही पत्ता नाही. सपोर्टला फोन केला की ठरलेलं उत्तर, सर नेटवर्क चेक करा. अहो, नेटवर्कपर्यंत गेलंच नाहीये ते! हा एरर आपल्याच पीसीवरचा ओडीबीसी ड्रायव्हर मॅनेजर (डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर शोधून चालू करणारा भाग) देतो, सर्व्हरला अजून हाकसुद्धा मारलेली नसते, त्यामुळे पिंग, फायरवॉल, पासवर्ड यात दुपार घालवू नका.

खरी गोम बिटमध्ये आहे, म्हणजे प्रोग्राम ३२ बिटचा की ६४ बिटचा यात. ६४ बिट विंडोजमध्ये ओडीबीसी अॅडमिनिस्ट्रेटर (ही जोडणी सेट करायचं टूल) दोन असतात आणि दोन्ही फाइलींचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. त्यातलं ६४ बिटवालं सिस्टम३२ फोल्डरमध्ये आणि ३२ बिटवालं सिसवाऊ६४ मध्ये. नाही, मी उलटं लिहिलेलं नाही, ते तसंच आहे! आमच्या टूलचं डिझायनर (जिथे रिपोर्ट बनवतो) ३२ बिट आणि शेड्यूलर (जो ठरल्या वेळी रिपोर्ट आपोआप काढतो) ६४ बिट, त्यामुळे एकीकडे बनवलेला सिस्टम डीएसएन (डेटा सोर्स नेम, म्हणजे पीसीवरच्या सगळ्या युजरसाठी नाव देऊन सेव्ह केलेली जोडणी) दुसरीकडे दिसतच नाही. उपाय म्हणजे दोन्हीकडे त्या त्या बिटचा ड्रायव्हर टाकायचा आणि अगदी त्याच नावाचा डीएसएन बनवायचा. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड विंडो) गेट-ओडीबीसीडीएसएन मारलं की कुठला डीएसएन ३२ चा, कुठला ६४ चा, युजर की सिस्टम, सगळं एका यादीत दिसतं, मी आता सुरुवातच तिथून करतो.

युजर डीएसएन तर सरळ विसरा. तो ज्याने बनवला त्याच्याच लॉगिनच्या रजिस्ट्रीत बसतो आणि शेड्यूलरची सर्व्हिस चालते भलत्याच अकाउंटवर, म्हणून हाताने रिपोर्ट काढला की येतो आणि सकाळच्या साहेबांच्या मेलमध्ये मात्र एरर.

अजून एक, काही जुन्या रिपोर्टमध्ये डीएसएन नसतोच, कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (जोडणीची सगळी माहिती लिहिलेली ओळ) 'एसक्यूएल सर्व्हर नेटिव्ह क्लायंट ११.०' असं ड्रायव्हरचं नाव ठोकून ठेवलेलं असतं आणि नव्या पीसीवर असतो 'ओडीबीसी ड्रायव्हर १८ फॉर एसक्यूएल सर्व्हर'. नाव जुळलं नाही की परत तोच आयएम००२. नाव बदललंत की कदाचित सर्टिफिकेटचा एरर येईल, कारण १८ मध्ये एन्क्रिप्शन बाय डिफॉल्ट चालू असतं. तो आला तर खूश व्हा, निदान सर्व्हरपर्यंत तरी पोचलात! मग सर्व्हरला नीट सर्टिफिकेट लावून घ्या, ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट यस (म्हणजे सर्टिफिकेट न तपासताच विश्वास) करून कायमचं सोडून देऊ नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. एररमध्ये डीएसएनचं नाव आणि ३२ की ६४ एवढं छापलं असतं तर चार दिले असते. घेणार असाल तर डेमोलाच विचारा, डिझायनर किती बिट आणि शेड्यूलर कुठल्या अकाउंटवर चालतो, सेल्सवाला घुटमळला तर टेक्निकल माणसाला लाइनवर घ्यायला सांगा.