रेन अँड मार्टिन की मर्फी? नववी-दहावीच्या पालकांसाठी

ठाण्यात मराठी माध्यमाच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. शाळा सुरू झाली की पालक विचारतात, इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक रेन अँड मार्टिनचं घेऊ की रेमंड मर्फीचं? मी आधी मुलाची वही मागते.

वहीत 'ही डिड नॉट वेंट', 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' अशी वाक्यं असतील तर मर्फी. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर त्याचाच सराव. एका बैठकीत एक धडा होतो. 'यस्टरडे' आलं की 'हॅव' चालत नाही, हे फळ्यावर कितीही सांगा, ओळीने वाक्यं स्वतः भरल्यावरच ते हातात बसतं. मर्फीचं निळं पुस्तक मधल्या पातळीचं, लाल नवशिक्यांचं. मी बहुतेकांना आधी लालच देते. नववीत लाल घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

पण बोर्डाच्या पेपरात 'रिमूव्ह टू' (अर्थ तोच ठेवून 'टू' काढणं) येतं, 'नो सूनर'ने वाक्य सुरू करायला येतं, डिग्री (गुड-बेटर-बेस्ट) बदलायची असते. तिथे मर्फी पुरत नाही. 'ही इज टू टायर्ड टू वॉक'चं 'ही इज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक' करायचं. मूळ वाक्यात 'वॉज' असेल तर 'कॅनॉट'चं 'कुड नॉट'. नेमकं हेच मुलं विसरतात. याचा भरपूर सराव रेन अँड मार्टिनच्या वाक्यरूपांतराच्या प्रकरणांत आहे. पुस्तक ब्रिटिश काळातलं. सुधारणा झाल्या तरी बरीच वाक्यं जुन्या वळणाची, एकटं बसलेलं मूल कंटाळतं. उत्तरांची 'की' वेगळी मिळते. घरी तपासणारं कोणी नसेल तर ती घ्याच, नाहीतर चूकच पक्की होते. मर्फीत उत्तरं मागेच असतात, पण उत्तरांशिवायची आवृत्तीही निघते. पैसे देण्याआधी शेवटची पानं उघडून बघा.

मोबाइलवरची अ‍ॅप्स बहुतेक वेळा पर्याय निवडायला लावतात. पेपरात पूर्ण वाक्य लिहायचं असतं. आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून नौपाड्यात येण्यात संध्याकाळ जाणार असेल, तर फक्त व्याकरणासाठी वेगळा क्लास लावू नका. तो वेळ पुस्तकाला द्या.

नववीत मर्फी, दहावीत रेन अँड मार्टिनमधलं रूपांतर, व्हॉइस (कर्तरी-कर्मणी) आणि रिपोर्टेड स्पीच (दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगणं) एवढंच. दहावीची दिवाळी उलटून गेली असेल तर नवं पुस्तक घेऊच नका. जुने बोर्डाचे पेपर आणा आणि त्यातला व्याकरणाचा प्रश्न रोज एक, वहीत लिहून सोडवून घ्या.