डीलरच्याच माणसाने ‘पास’ केलेली गाडी

घोडबंदर रोडवरच्या एका डीलरने आम्हाला पुरात बुडालेली गाडी ‘एकदम टकाटक’ म्हणून सव्वाचार लाखांना विकली. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी सेकंडहँड गाडी बघत असेल, तर टोकन देण्याआधी हे वाचा.

गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०५, म्हणजे कल्याण पासिंग. नवी सीट कव्हरं, नवं मॅटिंग, आत परफ्यूमचा घमघमाट. आमच्या मेकॅनिकला दाखवून आणतो म्हटलं, तर डीलर म्हणाला, “साहेब, इन्शुरन्स संपलाय, बाहेर काढता येणार नाही. इन्स्पेक्शनवाला इथेच येतो, थर्ड पार्टी आहे.” माणूस आला, स्कॅनर लावला, रंगीत रिपोर्ट हातात दिला. सगळीकडे हिरव्या खुणा. त्याचे पैसे डीलरनेच दिले. वर घाई अशी, की संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय.

पाऊस सुरू झाला आणि गाडीत कुबट वास यायला लागला. मग पॉवर विंडो बंद पडल्या, एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. वागळे इस्टेटमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने ड्रायव्हरची सीट काढून मॅटिंग उचललं. खाली वाळलेल्या गाळाचे पापुद्रे. सीटचे बोल्ट गंजलेले, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट पूड. मग त्याने सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज वापरात येणारा पट्टा स्वच्छ आणि आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर भागावर चिखलाचा तपकिरी डाग. तो म्हणाला, “दादा, गाडी सगळी धुतात, पण बेल्ट कोणी एवढा ओढत नाही.”

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुना रेकॉर्ड काढला. ऑगस्ट २०१९ची नोंद: गाडी पाण्यात बुडालेली, टो करून आणली, रिपेअर न करताच परत नेली. उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, त्याच्या पुढच्याच महिन्यातली. हे एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर दिसत नाही. तिथे मालक, कर्ज, इन्शुरन्सची मुदत कळते, पूर कळत नाही. आणि स्कॅनरचं म्हणाल, तर ज्या यंत्राने एरर कोड वाचतात, त्यानेच ते पुसताही येतात.

म्हणून तपासणारा माणूस तुमचा हवा, पैसे तुम्ही द्यायचे. इन्शुरन्स नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही हे खरंच आहे, मग मेकॅनिकलाच तिथे घेऊन जा. मॅटिंग उचलायला, स्टेपनीची जागा बघायला, बेल्ट ओढायला गॅरेज लागत नाही. शक्य असेल तर गाडी लिफ्टवर चढवून खालूनही बघा. सर्व्हिस हिस्ट्री डीलरच्या मोबाईलवर बघू नका, स्वतः सर्व्हिस सेंटरमधून मागवा. यातल्या एकालाही डीलर नाही म्हणाला, तर तिथून सरळ निघा. ठाण्यात गाड्यांना तोटा नाही.

डीलर आता फोन उचलत नाही. रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात ‘जबाबदारी आमची नाही’ असं आहेच. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. ‘गाडी पाण्यात गेलेली नाही’ हे डीलरने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलेलं आहे, वकिलांनी सगळ्यात आधी तेच मागितलं. तुम्हीही ते लेखी घ्या, पैसे देण्याच्या आधी.