वीरगळांची नोंद कशात ठेवावी: ओमेका एस की क्यूजीआयएस-क्यूफील्ड?

गावोगावचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), सतीशिळा, गद्धेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे दगड) आणि शिलालेख नोंदवायला घेतले की सुरुवात बहुतेक वेळा एक्सेलच्या तक्त्याने आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोंनी होते. शे-दोनशे नोंदी झाल्या की कुठला फोटो कुठल्या ओळीचा हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग 'नीट प्रणाली हवी' असं ठरतं. कोल्हापूर परिसरात असं काम करणाऱ्यांपुढे साधारण तीन नावं येतात: आर्चेस, ओमेका एस (संग्रह वेबवर मांडायची प्रणाली) आणि क्यूजीआयएस (नकाशे आणि त्यांना जोडलेले तक्ते सांभाळणारा प्रोग्राम; क्यूफील्ड हे त्याचं फोनवरचं रूप). तिन्ही मुक्त स्रोत आहेत, त्यामुळे परवान्याच्या पैशांचा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की आपल्या कामाचा आकार कुणाशी जुळतो.

आर्चेसचं आधी सांगून टाकतो. गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी खास वारसास्थळांसाठी ही प्रणाली बांधली. लॉस एंजेलिस शहराची वारसायादी तिच्यावर चालते. वस्तू, ठिकाण, व्यक्ती आणि घटना वेगवेगळ्या ठेवून त्यांची नाती जोडायची, हा सीडॉक सीआरएम या वारसा-नोंदींच्या मानकाचा विचार तिच्या मुळाशी आहे आणि तो मला मनापासून पटतो. पण मागे पोस्टग्रेएसक्यूएल, इलॅस्टिकसर्च आणि पायथनचा सगळा संसार सांभाळणारा माणूस कायम लागतो. शिवाय नोंदी भरायला लागल्यावर मूळ मॉडेलमध्ये रकाना वाढवणं सोपं नाही. जुन्या आवृत्त्यांत तर नोंदी आल्या की मॉडेलला कुलूपच लागतं. सर्वेक्षणाच्या पहिल्या हंगामात रकाने सतत बदलत असतात. विद्यापीठ किंवा पुरातत्त्व संचालनालय हे काम हाती घेणार असेल तर आर्चेसच घ्यावं, असं मी म्हणेन. पाच-सहा जणांच्या गटाने तिच्याकडून विचार घ्यावा, सर्व्हर घेऊ नये.

उरले दोन.

ओमेका एस कुठे उजवं ठरतं ते आधी बघू. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेन्झ्वाइग केंद्रातून आलेली ही प्रणाली साध्या पीएचपी-मायएसक्यूएल होस्टिंगवर चालते. नोंद केली की ती लगेच वाचनीय पानावर दिसते. रिसोर्स टेम्प्लेटमध्ये (नोंदीच्या साच्यात) डब्लिन कोर या प्रमाणित संचातले हवे तेवढे रकाने निवडून त्यांना मराठी नावं देता येतात. प्रत्येक मजकुराला भाषेची खूण लावता येते, आणि आपल्याकडे त्याची खरी गरज पडते. शिलाहारकाळातले इथले लेख संस्कृत आहेत तसे कन्नडही आहेत. मूळ वाचन कन्नडात, लिप्यंतर देवनागरीत, सारांश मराठीत, असं एकाच नोंदीत नेटकं बसतं. एखादा मजकूर फक्त आतल्या लोकांना दिसावा अशी सोयही आहे. मोडी दफ्तर, शिलालेखांचे ठसे, जुनी छायाचित्रं, थोडक्यात जे कपाटात किंवा एका इमारतीत आहे आणि तिथेच राहणार आहे, त्यासाठी ओमेका एस घ्या आणि पुढचं वाचायचीही गरज नाही. (संग्रहालयाच्या वस्तूंसाठी सी-डॅकची 'जतन' प्रणालीही आहे, पण ती संस्थांसाठी आहे, गटांसाठी नाही.)

एक व्यावहारिक सूचना: स्वस्त होस्टिंगवर पीएचपीची फाइल-मर्यादा मुळात २ एमबी असते आणि पूर्ण विनंतीची ८ एमबी. मोबाइलचा फोटो सहज ५-६ एमबीचा निघतो. तो चढत नाही आणि चूक काय झाली हेही धड कळत नाही. बसवल्या दिवशीच अपलोड मॅक्स फाइलसाइज आणि पोस्ट मॅक्स साइज हे दोन्ही आकडे वाढवून घ्या, आणि लघुचित्रांसाठी इमेजमॅजिक चालू आहे ना, ते तपासा.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं झुकवलं तिच्याकडे येतो.

वीरगळ जागेवर राहत नाही. शेताच्या बांधावर असतो तो नांगराला आडवा येतो म्हणून ओढ्याकडेला जातो, तिथून कुणीतरी ग्रामदैवताच्या पारावर आणून ठेवतं, मग देवळाचा जीर्णोद्धार निघतो आणि तो आवाराच्या भिंतीला लागतो. वर ऑइलपेंटही बसतो. सर्वांत वाईट म्हणजे तो काँक्रीटात उभा करताना खालचा कप्पा गाडला जातो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाई किंवा गुरं वळवण्याचा प्रसंग, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य. गाडला जातो तो नेमका मृत्यूचं कारण सांगणारा भाग. म्हणजे 'किती कप्पे दिसतात' ही माहितीसुद्धा दगडाची नसून त्या दिवशीच्या त्या जागेची आहे. गडावरच्या तोफा-शिळांचं आणि नदीकाठच्या मूर्तींचंही हेच. संग्रहालयातली वस्तू घेतली तरी सापडल्याची जागा आणि ठेवल्याची जागा वेगळी. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. नकाशावर तिचा बिंदू कुठे ठेवायचा?

ओमेका एसच्या मॅपिंग मॉड्यूलमध्ये एका नोंदीला दोन-तीन बिंदू लावता येतात. मात्र कुठला बिंदू कोणत्या साली, कुणाच्या सांगण्यावरून, किती खात्रीचा, हे बिंदूला चिकटवायला रचलेली जागा नाही. वर्णनात लिहिता येतं, पण वर्णनात लिहिलेलं वर्ष नकाशाला समजत नाही. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक ठिकाणाची स्वतंत्र नोंद करून ती दगडाच्या नोंदीला जोडायची. ते होतं, पण एका दगडासाठी दोन-तीन वेळा नोंद जतन करा, परत या, दुवा निवडा, असं करावं लागतं. शोधलं की दगड आणि त्याची ठिकाणं एकाच यादीत मिसळून येतात, आणि नकाशावर जुनी जागा व आजची जागा सारख्याच ठळक दिसतात. नवीन माणूस जुन्या बिंदूवर जाऊन रिकामा बांध बघतो आणि 'दगड चोरीला गेला' असं कळवतो. मॉड्यूलं जोडून यातलं काही सुधारतं, हे मान्य. माझ्या वापरात तरी ही कटकट शेवटपर्यंत गेली नाही.

क्यूजीआयएसमध्ये हेच काम दोन तक्त्यांत होतं. एकाच जिओपॅकेज फाइलमध्ये (तक्ते आणि नकाशाचे थर एकत्र ठेवणारी फाइल) 'दगड' नावाचा भूमिती नसलेला, म्हणजे नकाशावर न दिसणारा तक्ता: प्रकार, पाषाण, उंची-रुंदी, लेख आहे का, काळ. दुसरा 'ठिकाण' नावाचा बिंदूंचा थर: कोणता दगड, वर्ष, जागेचं वर्णन, माहिती कुणाकडून, अचूकता मीटरमध्ये, दिसणारे कप्पे, रंग-सिमेंट आहे का, फोटो. प्रकल्पाच्या गुणधर्मांत रिलेशन्समध्ये दोन्ही जोडले की दगड उघडल्यावर त्याची सगळी ठिकाणं खाली ओळीने दिसतात. आजचीच जागा नकाशावर हवी असेल तर ज्या ओळीचं वर्ष त्या दगडाच्या सर्वांत मोठ्या वर्षाइतकं आहे तेवढीच दाखवायची. मॅक्सिमम या फलनात दगडाच्या ओळखक्रमांकाने गट पाडला की झालं. जुनी, ऐकीव जागा फिक्या रंगात ठेवा आणि तिची अचूकता प्रामाणिकपणे २०० मीटर लिहा. खोटी अचूकता रिकाम्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करते.

फसायच्या जागा इथेही आहेत. जोडणीसाठी फाइलचा आपोआप येणारा एफआयडी क्रमांक कधीच वापरू नका. दोन फोन एकाच दिवशी दोन गावांत गेले की दोघांकडेही १०१ नंबरचा दगड तयार होतो आणि एकत्र करताना एकाची ठिकाणं दुसऱ्याला चिकटतात. ओळखक्रमांकाच्या रकान्याला मूळ किंमत म्हणून यूयूआयडी (सहसा कधीच पुन्हा न येणारा लांब क्रमांक) द्या, आणि त्याच चौकटीतली 'अद्ययावत करताना मूळ किंमत पुन्हा लावा' ही खूण काढलेली आहे ना, ते बघा. ती राहिली तर नोंद दुरुस्त करताच क्रमांक बदलतो आणि जुनी ठिकाणं अनाथ होतात. आधी दगड जतन करायचा, मग ठिकाण, हा क्रम सगळ्यांना सांगून ठेवा. फोटोंचा मार्ग प्रकल्पाच्या फोल्डरच्या सापेक्ष ठेवा, नाहीतर फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवर गेल्या क्षणी सगळे फोटो गायब.

जिओपॅकेज उघडी असताना तिच्या शेजारी डब्ल्यूएएल आणि एसएचएम अशा दोन लहान फाइली दिसतात. शेवटचे बदल काही वेळ त्या डब्ल्यूएएल फाइलमध्येच असतात. तेवढ्यात फक्त मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घेतली तर दुपारचं काम घरी पोहोचत नाही. क्यूजीआयएस बंद करा, त्या दोन फाइली नाहीशा झाल्याची खात्री करा, मग प्रत घ्या. गूगल ड्राइव्हच्या सतत जुळवल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये चालू फाइल ठेवू नका.

प्रत्यक्ष गावात क्यूफील्डचा फायदा सरळ आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या पश्चिम भागात रेंजचा भरवसा नाही, आणि ओमेका एस नेटशिवाय उघडत नाही. मग कागदावर लिहून रात्री भरायचं, आणि चुका तिथेच शिरतात. क्यूफील्डमध्ये तोच तक्ता फोनवर, तोच फॉर्म, फोटो थेट नोंदीला. निघण्यापूर्वी त्या तालुक्याचा नकाशा एमबीटाइल्स (नेटशिवाय चालणारी नकाशाफाइल) करून फोनमध्ये टाका. झूम १२ ते १७ पुरतं, त्यापुढे फाइल उगाच फुगते. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली ३ ते ५ मीटर चुकतो, भिंतीलगत आणि वडाखाली त्याहून जास्त. त्यामुळे एका ओळीत उभे सात वीरगळ जीपीएसने वेगळे होत नाहीत. 'उत्तरेकडून कितवा' असा साधा रकाना ठेवा आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टीसोबत नंबराची चिठ्ठी असू द्या.

काळाच्या रकान्याबद्दल दोन्ही प्रणालींना लागू असलेली गोष्ट. लेखातला मूळ शक जसाच्या तसा मजकूर म्हणून ठेवा आणि शेजारी 'इसवी पासून' व 'इसवी पर्यंत' असे दोन आकडी रकाने करा. तिथी वाचता येत नसेल तर शके ११०० म्हणजे ११७८ ते ११७९, कारण पौषाच्या आसपास इसवी वर्ष बदलतं आणि ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. शैलीवरून '१२वं-१३वं शतक' म्हणायचं असेल तर ११०१ ते १३००. ओमेका एसला अशा कालखंडासाठी वेगळं मॉड्यूल लावावं लागतं. तक्त्यात दोन रकाने पुरतात.

शोधाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखंच सावध राहा. 'कऱ्हाड' हा शब्द दोन कीबोर्डवर दोन प्रकारे साठवला जातो: एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो, आणि निम्म्या नोंदी शोधात येत नाहीत. गावांची नावं टाइप करू न देता यादीतून निवडायला लावा. जुने तक्ते श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील तर आधी युनिकोडात बदला आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

संरक्षित स्मारकांभोवतीचं १०० मीटरचं प्रतिबंधित आणि त्यापुढचं २०० मीटरचं नियंत्रित क्षेत्र दाखवायचं असेल तर क्यूजीआयएसला पर्याय नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वरासाठी ते काढताना थर ईपीएसजी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत आहे ना, ते बघा. अंशांत मोजणाऱ्या ४३२६ मध्ये १०० म्हणजे १०० अंश होतात आणि वर्तुळात अर्धं जग येतं. शिवाय अंतर मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून, देवळाच्या मधल्या बिंदूपासून नाही.

क्यूजीआयएस जिथे हरतं तिथे ते स्पष्टच हरतं. लोकांना दाखवायला त्याच्याकडे देखणं पान नाही, आणि एकाच जिओपॅकेजमध्ये एकाच वेळी चार जणांनी लिहायचं म्हटलं तर कुलपाचे निरोप येत राहतात. गट मोठा झाला तर तेच तक्ते पोस्टजीआयएसवर (अनेकांना एकाच वेळी लिहू देणाऱ्या सर्व्हरवरच्या डेटाबेसवर) न्यावे लागतील, हे आधीच धरून चाला. लोकांसाठी पान हवं असेल तर मूळ नोंदवही क्यूजीआयएसमध्ये ठेवून अधूनमधून सीएसव्हीने निवडक नोंदी ओमेका एसमध्ये चढवाव्यात, असं मला वाटतं. त्या वेळी अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंतच ठेवा, म्हणजे जागा साधारण किलोमीटरभर धूसर होते. सुटी मूर्ती आणि गुप्तधनाच्या अफवा असलेल्या जागा नकाशावर नेमक्या दाखवणं म्हणजे चोराला वाट दाखवणं.

प्रती तीन ठेवा, त्यातली एक पंचगंगेच्या पूररेषेबाहेर आणि शक्यतो जिल्ह्याबाहेर. २०१९ आणि २०२१ नंतर हे कोल्हापुरात वेगळं समजवावं लागत नाही. जिओपॅकेज आतून साधी एसक्यूलाइट फाइल असल्याने ती पंधरा वर्षांनीही कुठल्याही साधनात उघडेल, हा भरवसा ठेवायला हरकत नाही. ओमेका एसची प्रत घेताना मात्र डेटाबेस आणि फाइल्सचं फोल्डर दोन्ही एकाच वेळी घ्यावं लागतं.

तरीही ठरत नसेल तर दोन्ही एकेका गावावर चालवून बघा. त्यासाठी देऊळ नुकतंच नवं झालेलं आणि दगड हललेले असं गाव निवडा. सगळं जागच्या जागी असलेल्या गावात दोन्ही प्रणाली सारख्याच चांगल्या वाटतील.