टवका उडालेला दगड घ्यावा की मधे खोलावलेला?

परभणीचा माझा भाचा आजोबांचा वस्तरा पुन्हा वापरात काढायचं म्हणून धारेचे दोन दगड घेऊन आला. दोन्ही वापरलेले. "मामा, यातला कोणता ठेवू? पिवळ्याचा कोपरा उडालाय, अन् मधून काळी रेघ पण गेलीय. दुसरा बघा, एकदम चकाचक." मन त्याचं दुसऱ्यावर बसलं होतं. मी दोन्ही दगड ओले करून खिडकीपाशी नेले.

पिवळा म्हणजे बेल्जियमच्या आर्देन डोंगराळ भागातला कोटिक्यूल. नैसर्गिक दगड, त्यातले गार्नेटचे बारीक कण पोलाद कापतात. खाली पाटीच्या दगडाची पट्टी चिकटवलेली. दुसरा कृत्रिम, एका बाजूला 4000 आणि दुसऱ्या बाजूला 8000 नंबरचा (नंबर जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक).

आधी टवक्याचं बघू. वस्तरा दगडावर सपाट ठेवतात, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, आणि धार पुढे ठेवून ढकलतात. त्यामुळे वाटेत टोकदार काठ आला की धार त्यावर आपटते. पण टवका कोपऱ्यात असेल तर पातं तिथवर जातच नाही. आठ इंची दगडाचा अर्धा इंच सोडून दिला तरी काही बिघडत नाही. टवका लांब कडेला असेल तर मात्र प्रत्येक फेरीला पातं त्यावरून जातं. त्यालाही उपाय आहे: रंगाच्या दुकानात मिळणारा पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन सगळी कड तिरकी घासायची, दोनेक मिलिमीटर. टवक्याचा धारदार काठ तेवढ्यात मोडतो.

काळ्या रेघेची भीती बहुतेकांना उगीच वाटते. कोटिक्यूलमध्ये अशा रेघा सर्रास असतात. डोळे मिटून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर रेघ फक्त रंगाची आहे. अडकलं तर एखाद्या टाकाऊ वस्तऱ्याच्या दगडावर वीस फेऱ्या मारा आणि दहापट भिंगातून धार पहा. एकाच जागी ओरखडे दिसत असतील तर तो दगड नको. भाच्याच्या दगडावर नख कुठेच अडकलं नाही.

आता तो चकाचक दगड. त्यावर स्टीलची फूटपट्टी उभी, आडवी धरली आणि पलीकडून उजेड घेतला. मधून उजेडाची बारीक फट दिसली. डोळ्याला सपाट दिसणारा दगड मधे खोलावला होता. अशा दगडावर पात्याची दोन टोकं कडांवर घासतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. दाढीला लागतो तो मधलाच भाग. माझ्या लेखी ही खोट टवक्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, कारण ती दिसत नाही आणि माणूस दोष आपल्या हाताला देत बसतो.

(पाट्याला टाकी लावून आपण मुद्दाम खड्डे पाडतो, मसाला वाटायला ते लागतात. वस्तऱ्याच्या दगडाचं गणित नेमकं उलटं.)

तरीही कृत्रिम दगडाचा खोलगटपणा निघतो. काचेवर पॉलिश पेपर अंथरायचा, दगडावर पेन्सिलीने चौकटी मारायच्या आणि पाणी टाकून घासायचं. मधल्या रेघा पुसल्या की दगड सपाट. हे काम अधूनमधून करत राहावं लागतं, आणि दर वेळी जाडी कमी होते, म्हणून घेताना उरलेली जाडी बघा. अमेरिकेतल्या अर्कान्सास या नैसर्गिक दगडाचं मात्र वेगळं. तो जवळजवळ शुद्ध सिलिकाचा, फार कडक. त्याचा टवका चालेल, पण मधे खोलावलेला घेऊ नका, सपाट करताना तास न् तास जातात.

चिरेबाबत मी सगळ्यात कडक आहे. मडकं घेताना टिचकी मारतो तशी दगडालाही मारा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत काहीतरी सुटलंय. दगड ओला करून पुसा. वरचं पाणी वाळल्यावरही एखादी ओळ ओलीच राहिली, तर ती चीर. कोटिक्यूल खाली पट्टीला घट्ट चिकटलेला असेल आणि चीर नखाला लागत नसेल, तर वर्षानुवर्षं चालतो. कृत्रिम दगडाची चीर भिजवून-वाळवून वाढत जाते. मे महिन्यात मी एक चांगला कृत्रिम दगड भिजवून गच्चीवर वाळत ठेवला होता. संध्याकाळी त्यावर जाळीसारख्या चिरा होत्या. आपल्याकडच्या उन्हात असे दगड सावलीतच वाळवावेत. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर मात्र खोट नव्हे. घासला की जातो.

भाच्याला मी पिवळा ठेवायला सांगितला. त्याची खोट पात्याच्या वाटेबाहेर आहे. शिवाय दगडावर त्याच जातीच्या दगडाचा छोटा तुकडा घासून दाट पाणी केलं की तो धार बसवतो आणि साध्या पाण्यावर शेवटचा हातही फिरवतो, म्हणजे नवशिक्याला एकच दगड पुरतो. जुन्या वस्तऱ्याची धार दातरी असेल, तर आधी 1000 नंबरचा दगड कुणाचा तरी मागून घ्यावा लागेल. भाच्याच्या वस्तऱ्याला भिंगाखाली एकच बारीक दात दिसला, तोही टाचेकडे, म्हणजे मुठीजवळच्या टोकाला, आणि कोपऱ्याची कड आम्ही त्याच दुपारी तिरकी केली.